चुडातले तुडतुडे मोजतो, स्वतःच्या तोंडात कधी बघतो?



या आठवड्याची नोंद तुडतुड्यांवर लिहायची होती. धान गर्भात येतंय, आभाळ झाकलेलं आहे, बांधीत पाणी साचलंय, आणि काहींचा युरियाचा हात यंदाही सैल सुटला. तुडतुड्याला अजून काय पाहिजे? रविवारी आम्ही सहा जण धुऱ्यावरून फिरत चूड झुकवून बुडाशी मोजत होतो. चुडामागे तीन-चार निघाले. दहाच्या बरेच खाली. फवारणी थांबवली, बांधीतलं पाणी काढलं. शेताची नोंद एवढीच.

पण मोजताना दिसलं की सहापैकी चौघांच्या गालात खर्रा होता. त्यातला एक जण दुपारच्या जेवणाला भाजी बाजूला सारून नुसता वरण-भात खात होता. विचारलं तर म्हणाला, "तिखट झोंबते जी, महिना झाला." मी म्हटलं, तोंड दाखव. तर म्हणे, "कायले? दात टोचते, बाकी काही नाही."

"दात टोचते" हे शब्द मी दोन वर्षांपूर्वी आमच्याच घरी ऐकले होते. म्हणून आज तुडतुडा बाजूला ठेवतो.

आमचा दादा, म्हणजे मोठ्या काकांचा मुलगा. पाच एकर धान, दोन एकर पडीक. वीस-बावीस वर्षं दिवसाला तीन-चार खर्रे. उजव्या गालात आतून पांढरा चट्टा आला. दुखत नव्हता, म्हणून त्याने मनावर घेतलं नाही. पुढे जखम झाली. मेडिकलमधून मलम आणून लावलं. मग "दात टोचते" म्हणून दात काढला. दात गेला तरी जखम भरली नाही. तेवढ्यात रोवणी आली. रोवणीनंतर निंदण, निंदणानंतर फवारणी, मग कापणी. दर वेळी एकच, "चुरणा झाला का जातो." आठ महिने गेले. नागपूरला नेलं तेव्हा मानेत गाठ उतरली होती. अर्धा जबडा काढावा लागला, वर रेडिएशनचे शेक. दोन एकर विकले गेले. आज तो आहे आमच्यात, ही देवाची कृपा म्हणायची. पण पेज आणि पातळ वरणाशिवाय काही खाता येत नाही, आणि त्याचं बोलणं वहिनीशिवाय कोणाला नीट समजत नाही.

दादाचं कळलं तेव्हा पारावर निकाल लगेच लागला. "फवारणीनं झालं." कोणी म्हणे रासायनिक खत, कोणी म्हणे हायब्रीड बियाणं. राजुरा-कोरपन्याकडचे पाहुणे म्हणाले कोळशाची धूळ. कोणीतरी पंजाबातल्या भटिंड्याहून बिकानेरला जाणाऱ्या 'कॅन्सर ट्रेन'चा व्हिडिओ फिरवला. हे सगळं बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या हातात पन्नी होती आणि ते खर्रा घोटत होते.

आता नीट बघू. मी फवारणीची वकिली करायला बसलेलो नाही. ल्योन शहरात जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था आहे. कोणत्या गोष्टीने माणसाला कॅन्सर होतो याचा पुरावा तपासून ती गट पाडते. २०१५ मध्ये तिने ग्लायफोसेट आणि मॅलेथिऑन यांना 'बहुधा कॅन्सरकारक' गटात टाकलं आणि लिंडेनला थेट 'पक्क्या' गटात. बाहेरच्या हवेचं प्रदूषण २०१३ पासूनच पक्क्या गटात आहे, आणि २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातले अतिप्रदूषित औद्योगिक पट्टे काढले तेव्हा त्यात आपलं चंद्रपूर होतं. तेव्हा धुळीबद्दल ओरडणारे खोटं बोलत नाहीत, आणि तोंडाला रुमाल न बांधता तणनाशक मारणारा शहाणपणा करत नाही.

पण त्याच संस्थेच्या त्याच पक्क्या गटात चघळायची तंबाखू आहे. सुपारीही आहे. तंबाखूशिवायची, नुसती सुपारी. खर्ऱ्यात दोन्ही असतात.

इथे कृषी सहायक आणि शिकलेल्या पोरांसाठी एक खुलासा. हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. धोका किती हे ठरतं मात्रेवर, किती वर्षं लागली त्यावर आणि शरीराच्या कोणत्या भागाला लागली त्यावर. फवारणी आपण हंगामात किती दिवस करतो? सहा, आठ, फार तर पंधरा. खर्रा रोज असतो, दिवसातून तीन-चार वेळा, त्याच गालात, त्याच जागी, तास-तासभर, वीस वर्षं.

आणि जागा बघा. पानं पिवळी पडली की आपण आधी विचारतो, खालची की वरची? खालची जुनी असतील तर नत्र कमी, वरची कोवळी असतील तर लोह किंवा गंधकाकडे बघायचं. लक्षण कुठे दिसतं यावरून कारणाकडे जायचं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. कीटकनाशकं आणि तणनाशकांबाबतचा जो पुरावा आहे तो बराचसा लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचा आहे. तंबाखू-सुपारीचा पुरावा सगळ्यात ठळक आहे तो तोंडाचा. आणि आपल्या गावागावात दिसतो तो गालाचा, जिभेचा, हिरडीचा कॅन्सर. एकट्या माणसाच्या बाबतीत 'याच कारणाने झाला' असं कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. खर्रा न खाणाऱ्यालाही होतो, दारू सोबत असली तर धोका आणखी वाढतो. पण सगळं गाव धरून बोलायचं तर बोट कुठे जातं हे उघड आहे.

खर्रा करतो काय, तेही समजून घ्या. चुना टाकला की तंबाखूतलं निकोटीन मोकळं होतं आणि गालाच्या पातळ कातडीतून झपकन रक्तात जातं. म्हणून चुन्याशिवाय मजा येत नाही. तोच चुना ती कातडी भाजत राहतो. भाजलेल्या कातडीतून तंबाखूतली कॅन्सरकारक रसायनं आत मुरतात. सुपारीचं काम वेगळं. ती कातडीखाली तंतू वाढवते, गाल आतून दोरखंडासारखा कडक होतो. आधी तिखट झोंबायला लागतं, मग तोंड उघडणं कमी होत जातं. हा अजून कॅन्सर नाही, पण त्यातल्या काहींना पुढे कॅन्सर होतो. करप्याचा पहिला डोळ्याच्या आकाराचा ठिपका दिसतो ना पानावर, तसं समजा. लोंबीची मान मोडायची वाट कोणी बघत नाही.

२०२२ चा जागतिक अंदाज असा की भारतात वर्षाला तोंड आणि ओठांच्या कॅन्सरचे १ लाख ४० हजारांहून जास्त नवे रोगी. जगातल्या दर तीनपैकी एक आपल्या देशातला. आपल्या पुरुषांमध्ये हा पहिल्या नंबरचा कॅन्सर आहे. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या चार प्रौढांपैकी एकाहून थोडे जास्त तंबाखू वापरणारे निघाले, आणि त्यातले बहुतेक ओढणारे नव्हते, चघळणारे-घासणारे होते.

गावात बोललं की तीन उत्तरं येतात.

पहिलं, "आमचा आजा नव्वदीपर्यंत खात होता." हो, खात असेल. करपा आलेल्या वर्षी एखादी बांधी न फवारता वाचते. म्हणून आपण म्हणतो का, की करपा नसतोच? वाचलेली बांधी डोळ्यासमोर असते, मेलेले आजे पारावर येऊन बोलत नाहीत.

दुसरं, "वीस रुपयाचा तर खर्रा." बरं, हिशोब करू. वीसचा एक, दिवसाला तीन. ६० रुपये रोज, वर्षाचे २१,९०० रुपये. २०२५-२६ चा साध्या धानाचा हमीभाव २,३६९ रुपये क्विंटल. म्हणजे सव्वानऊ क्विंटल धान गालात गेलं. २६६ रुपयांच्या युरियाच्या गोण्या धरल्या तर ८२ गोण्या. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडून पाठ मोडते, आणि ते पैसे पुन्हा पन्नीत जातात.

तिसरं उत्तर खरं आहे आणि ते टाळता येत नाही. "रोवणीत खर्रा दिला नाही तर मजूर येत नाही." आमच्याकडे मजुरीसोबत खर्रा, बायांना नस किंवा गुडाखू, हे धरलेलंच असतं. मीही वर्षानुवर्षं दिला. बारा वाजता पिशवी घेऊन धुऱ्यावर उभा राहायचो, जसा काही पुण्याचं काम करतोय. दादाच्या ऑपरेशननंतर पहिल्या रोवणीला हात अडकला. त्या बायांमध्ये एक पोर होती, बारावी झालेली. तिच्या हातावर गुडाखूची डबी ठेवणारा मी कोण?

त्या वर्षी मी सांगितलं, खर्रा-गुडाखू बंद, त्याचे पैसे मजुरीत जोडून देतो, दुपारी चहा आणि पोहे. दोन जणी दुसऱ्याच्या बांधीत गेल्या. बाकीच्या आल्या. रोवणी दोन दिवस मागे पडली. एवढंच नुकसान झालं, जास्त नाही. एकट्याने केलं म्हणून दोन जणी गेल्या. दहा शेतकऱ्यांनी ठरवलं असतं तर कुठे गेल्या असत्या? माझं म्हणणं साफ आहे: ज्याला खायचा तो आपल्या पैशाने खाईल, पण शेतकऱ्याने मजुरीत खर्रा देणं बंद केलं पाहिजे. आपण स्वतःच नवी गिऱ्हाइकं तयार करतोय.

सरकारने गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी घातली, पुढे सुगंधी तंबाखू-सुपारीवरही. बंदी आहे, आणि माल कुठे मिळतो हे सातवीतल्या पोरालाही माहीत आहे. कागदावरची बंदी गावाने उचलल्याशिवाय चालत नाही, हे आपल्या भागाला नवीन नाही. गडचिरोलीत १९९३ ला दारूबंदी आली ती लोकांनी, विशेषतः बायांनी, वर्षानुवर्षं लावून धरली म्हणून. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून जिल्ह्यात 'मुक्तिपथ' सुरू आहे, दारू आणि तंबाखू दोन्हींसाठी. त्यातला मुद्दा मला पटतो: एका माणसाला उपदेश करून भागत नाही, गावाची सवय बदलावी लागते. रोवणीचा खर्रा ही गावाचीच सवय आहे.

आता निदानाचं, कारण दादाचा जबडा खर्ऱ्याने गेला असं म्हणा, पण आठ महिने गेले ते आपल्या वागण्याने.

तोंडाचा कॅन्सर पोटात लपून बसत नाही. तो टॉर्चच्या उजेडात दिसतो. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठा अभ्यास झाला. डॉक्टरांनी नाही, शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडं उजेडात तपासली. २००५ मध्ये निकाल आला: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांश कमी झाले. मशीन नाही, सुई नाही. नुसतं वेळेवर बघणं.

तर महिन्यातून एक दिवस ठरवा. अमावास्या धरा, बाजाराचा दिवस धरा. खर्रा थुंका, चूळ भरा, उजेडात बसा, मोबाइलचा टॉर्च लावा. आरशात बघा, नाहीतर घरच्या माणसाला बघायला सांगा.

ओठ आतून उलटा करून बघा. दोन्ही गाल, विशेषतः जिथे खर्रा ठेवता ती जागा. हिरड्या, टाळू, जीभ वरून, दोन्ही कडांनी आणि उचलून खालून. मग मान दोन्ही बाजूंनी चाचपा.

काय शोधायचं? पांढरा चट्टा जो पुसून जात नाही. लाल चट्टा, हा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. न भरणारी जखम. गाठ. कारण नसताना हलणारा दात. तिखट झोंबणं, गिळायला त्रास, बसलेला आवाज. आणि स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर तोंड आकसतंय.

तुडतुड्याची आर्थिक नुकसानीची पातळी चुडामागे दहा. तोंडाची पातळी एक. एक चट्टा, एक जखम, दोन आठवड्यांत गेली नाही तर दाखवायची. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, सुरुवातीला हा रोग बऱ्याचदा दुखत नाही. दादाला फसवलं ते यानेच.

दाखवायचं कुठे? तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी आपल्या उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात, फुकट करायची सोय आहे. आशाताईंना विचारा. तिथून ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालयात दातांचे डॉक्टर असतात. पुढचं लागलं तर नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याला राष्ट्रीय कॅन्सर संस्था आहे, आणि आता चंद्रपुरातही टाटा ट्रस्टच्या सहभागातून कॅन्सर हॉस्पिटल उभं राहिलं आहे. महात्मा फुले जनआरोग्य आणि आयुष्मान भारत या योजनांमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत, कॅन्सरचेही. कार्ड आजच काढून ठेवा, आजारपणात धावपळ करू नका. आमच्या घरी ते वेळेवर नव्हतं. विकलेल्या दोन एकरांत त्याचाही वाटा आहे.

डॉक्टर म्हणतील, तुकडा काढून तपासू. इथे आपला माणूस पळतो. "हात लावला का पसरते." मीही हेच ऐकत मोठा झालो. बघा, जागा बधिर करून चट्ट्याच्या कडेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात आणि दुर्बिणीखाली पेशी बघतात. त्याशिवाय कॅन्सर आहे की नाही हे नक्की सांगता येत नाही, आणि नक्की झाल्याशिवाय बरोबर उपचार ठरत नाही. तुकडा काढल्याने तोंडाचा कॅन्सर पसरत नाही. मग तसं का वाटतं? कारण आपण जातोच उशिरा. तुकडा काढला तेव्हा रोग आधीच मानेत उतरलेला असतो, आणि नाव तुकड्याचं होतं. तुकड्यानंतर स्कॅन होतं, रोग कुठवर गेला ते कळतं. लहान असताना सापडला तर बऱ्याचदा एका ऑपरेशनवर भागतं आणि बहुतेक माणसं बरी होतात. मानेत उतरल्यावर तेच काम जास्त खर्चाचं आणि अर्ध्या आशेचं होतं.

जंगलातल्या औषधीला मी नावं ठेवत नाही. आपल्या पुजाऱ्यांना बरंच ठाऊक असतं. पण न भरणाऱ्या जखमेवर आधी तुकड्याचा रिपोर्ट, मग बाकी सगळं. महिने घालवायला हा रोग वेळ देत नाही.

बायांसाठी दोन ओळी. गुडाखू आणि नस हीसुद्धा तंबाखूच आहे, दात घासायची पावडर नाही. आणि उपकेंद्रात तोंडासोबत स्तन आणि गर्भाशयाच्या मुखाचीही तपासणी होते. अंगावरून रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा जाणं, स्तनात गाठ लागणं, हे 'बायकांचं दुखणं' म्हणून झाकून ठेवू नका. धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायांवर टाटा मेमोरियलने अभ्यास केला, २००९ मध्ये तो छापून आला. गर्भाशयमुखाची एकदा एचपीव्ही तपासणी केली तरी त्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर येतात, असं त्यात दिसलं. त्या बायाही आपल्यासारख्याच, शेतात जाणाऱ्या होत्या.

आणि फवारणी करणाऱ्यांना एक. औषधाने माखलेल्या हाताने खर्रा घोटून तोंडात टाकणं म्हणजे औषध पिणंच आहे. २०१७ मध्ये यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेने वीसेक माणसं गेली. तो कॅन्सर नव्हता, सरळ विष होतं. हातमोजे, मुखवटा, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय तोंडाजवळ काही नाही. खर्रा सोडायला मदत पाहिजे तर १८००-११-२३५६ हा सरकारचा फुकट नंबर आहे. सोडणाऱ्याचा धोका वर्षागणिक कमी होत जातो, म्हणून 'आता इतकी वर्षं खाल्ला, सोडून काय उपयोग' असं म्हणू नका.

रविवारी शेवटी त्या आमच्या गड्याला धुऱ्यावरच बसवलं. चूळ भरायला लावली, मोबाइलचा टॉर्च मारला. डाव्या गालात, खर्रा ठेवायच्या जागी, बोटाच्या पेराएवढा पांढरा चट्टा. कडेला थोडं लाल. तीन बोटं जात नाहीत, दोनच जातात. काय आहे ते मला ठाऊक नाही, आणि मी सांगणारही नाही, ते डॉक्टर सांगतील. तो म्हणाला, "हलकं धान कापून घेतो, मग जाऊ." मी म्हटलं, धान मी कापतो, तू मंगळवारी गाडीवर बस. बसला एकदाचा. तुकडा दिलाय, रिपोर्ट यायचाय.

तुम्हीही आज संध्याकाळी दिवेलागणीला एकमेकांची तोंडं बघा. बुधवारी पुन्हा चूड झुकवून तुडतुडे मोजणार आहे, आकडा इथे टाकतो. पण आधी तोंड बघा.